हरवलेली छत्री आणि पाच स्लाइड : एका छोट्या डिजिटल कॉमिकचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे दोघांचं कॉमिक. एक लेखिका, एक चित्रकार. दोघंही दिवसा दुसरी नोकरी करणारे आणि उरलेल्या वेळात हा उद्योग चालवणारे. ओळख पटू नये म्हणून माणसांचे आणि कथेचे काही तपशील इथं बदलले आहेत. निर्णयांचा क्रम मात्र घडला तसाच आहे. संपादक म्हणून मी मधूनमधून यात होतो, त्यामुळे माझी मतं अधेमधे डोकावणारच.

कॉमिकची जागा एकच : एका मोठ्या स्थानकातली 'हरवलं-सापडलं'ची खिडकी. आत बसणारी एक कारकून बाई, तिच्या मागे फडताळ आणि फडताळात लोकांनी विसरलेल्या वस्तू. मूळ बेत लांबलचक कथेचा होता. बाईंचं स्वतःचंच काहीतरी हरवलेलं आहे आणि ते काय, हे बारा भागांत हळूहळू उलगडणार होतं. एक भाग आठ पानांचा, पानावर साधारण सहा चौकटी, पूर्ण रंग, भरगच्च पार्श्वभूमी. चार भाग तयार झाले. छापायचं जमेना, म्हणून पानं जशीच्या तशी इन्स्टाग्रामवर टाकायला सुरुवात झाली. एका पोस्टमध्ये अनेक चित्रं टाकायची सोय तिथं २०१७ पासून आहे आणि तेव्हा मर्यादा दहा चित्रांची होती. कव्हर धरून नऊ चित्रं आरामात बसत होती. बसतात म्हणजे वाचली जातात, असं दोघांनी गृहीत धरलं.

अडचण

लोकांना चित्रं आवडत होती. लाइक येत होते, 'काय सुंदर रंग' अशा प्रतिक्रिया येत होत्या. पण कथेबद्दल कुणी काही बोलत नव्हतं. नव्या माणसाचा प्रश्न ठरलेला असायचा : आधीचे भाग कुठं आहेत? दुसरी ठरलेली तक्रार : अक्षरं दिसत नाहीत.

दुसरी तक्रार आधी घेऊ, कारण ती गणिताची आहे. पान काढलं होतं छापील कॉमिकच्या मापात, साधारण १७ बाय २६ सेंटिमीटर. फोनचा पडदा रुंदीला असतो सात सेंटिमीटरच्या आसपास. त्यातही पोस्टची उभी चौकट तेव्हा ४:५ या प्रमाणात होती आणि छापील पान त्याहून निमुळतं. म्हणजे दोन्ही बाजूंना रिकाम्या पट्ट्या सोडून पान आणखी आक्रसणार. कागदावर ९ पॉइंटचं ठेवलेलं अक्षर फोनवर जेमतेम ३ पॉइंटचं उरत होतं. औषधाच्या वेष्टनावरची सूचनासुद्धा याहून मोठी असते. बोटांनी चित्र ताणून बघता येतं हे खरं, पण आठ पानं अशी ताणत वाचणारा माणूस भेटला तर त्याला मानधन द्यायला हवं.

पहिली तक्रार जास्त खोलातली होती. चौथ्या भागावर पोचलेला माणूस मुद्दाम कॉमिक वाचायला बसलेला नसतो. कुणीतरी पाठवलं किंवा फीडमध्ये आलं म्हणून थांबलेला असतो. त्याला कारकून बाई कोण, ती खिडकीबाहेर का बघत बसते, याचा गंध नसतो. लेखिकेचं म्हणणं होतं की असे वाचक उथळ असतात, त्यांच्यासाठी लिहायचं नाही. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. हा वाचक उथळ असेलच असं नाही, त्याला मागचं माहीत नाही एवढंच. एरवी तोच माणूस जाडजूड कादंबरी वाचत असेल. या क्षणी त्याच्याकडे दोन मिनिटं आहेत आणि दुसऱ्या हातात पिशवी आहे.

समोरचे पर्याय

चार वाटा बोलल्या गेल्या.

पहिली वाट म्हणजे पान तसंच ठेवून एकेक चौकट मोठी करून दाखवणं. कॉमिक्सोलॉजी या डिजिटल कॉमिकच्या दुकानाच्या अ‍ॅपमध्ये 'गायडेड व्ह्यू' नावानं ही पद्धत बरीच रुळली होती. पुन्हा काही काढावं लागत नाही, हा फायदा. पण तशी सोय कॉमिक वाचायच्या अ‍ॅपमध्येच असते, सोशल मीडियावर पानं हातानंच कापावी लागतात. आणि चित्रकाराची पानं कापण्यासारखी नव्हती. एक आडवी लांब चौकट, तिच्या पोटात दोन बारक्या, एक पात्र चौकट ओलांडून खालच्या ओळीत उतरलेलं. कापून बघितलं तेव्हा निम्म्या ठिकाणी कुणाचा तरी हात तुटत होता.

दुसरी वाट उभ्या स्क्रोलची, म्हणजे वेबटून. चित्रकाराचा जीव इथं होता. कॉमिककार आणि कॉमिकचे अभ्यासक स्कॉट मॅक्लाउड यांनी २००० साली 'अनंत कॅनव्हास'ची कल्पना मांडली : पडद्याला पान समजू नका, खिडकी समजा, तिच्यामागे हवं तेवढं मोठं चित्र असू शकतं. कोरियात नेव्हर या इंटरनेट कंपनीनं २००४ मध्ये वेबटून सुरू केलं आणि उभं सरकवत वाचायची सवय तिथून जगभर गेली. यात वेळ अंतरानं मोजता येतो. दोन चौकटींमध्ये बोटभर मोकळी जागा सोडली की वाचकाला तेवढा वेळ थांबावं लागतं, पाऊस पडत असेल तर तो खरोखर वरून खाली पडतो. मोहात पडावं असंच आहे. मात्र तिथं एका भागात चाळीस-पन्नास चौकटी सहज लागतात आणि दर आठवड्याला भाग देणाऱ्यांकडे रेषा, रंग, पार्श्वभूमी सांभाळणारे वेगवेगळे हात असतात. इथं हात दोनच होते, आणि तेही रात्री दहानंतर मोकळे होणारे.

तिसरी वाट कॅरोसेलची : एका स्लाइडवर एकच चौकट आणि बोटानं सरकवत पुढं जायचं. चौथी जुनीच, चार चौकटींची स्ट्रिप एकाच चित्रात. चौथीची एक ताकद सहसा लक्षात घेतली जात नाही. एकच चित्र व्हॉट्सअ‍ॅपवर अख्खं जातं. कॅरोसेलची लिंक जाते आणि लिंक उघडायचा कंटाळा सगळ्यांनाच असतो. उलट बाजू अशी की व्हॉट्सअ‍ॅप चित्र दाबून लहान करतं, तेव्हा बारीक रेषा आणि बारीक अक्षरं आधी मरतात.

पाचवा पर्याय कुणी मोठ्यानं उच्चारला नाही, पण तो होता : आहे तसं चालू ठेवायचं आणि पुस्तकाची वाट बघायची. लांब कथा सांगणं हाच हेतू असता तर मी तोच सुचवला असता.

काय केलं

आधी दुसरी वाट निवडली गेली. पहिला भाग स्क्रोलसाठी ८०० पिक्सेल रुंदीत नव्यानं काढला. दिसायला तो आजही त्यांच्या कामातला सर्वांत देखणा भाग आहे. पण त्यालाच महिना उलटला, दुसरा भाग अर्धवट राहिला आणि या काळात इन्स्टाग्रामवर काहीच नवीन आलं नाही. मुळातली अडचण तशीच होती, कारण स्क्रोलनं अक्षरांचा प्रश्न सोडवला, 'मागचं माहीत नाही' याचा नाही.

खरं वळण एका छत्रीनं आणलं. तिसऱ्या भागात एक प्रसंग होता : एक वयस्क गृहस्थ तीच छत्री पुन्हा पुन्हा विसरतात आणि न्यायला येतात. मूळ कथेत तो दोन पानांचा होता. पहिली चौकट अख्ख्या स्थानकाची. मग बाईंचं स्वगत, मग त्यांच्या गुपिताबद्दल एक सूचक वाक्य. छत्री यायची चौथ्या चौकटीत आणि गंमत दुसऱ्या पानाच्या तळाशी. हाच प्रसंग सुटा करून कॅरोसेलमध्ये बसतो का बघा, असं सुचवल्यावर लेखिकेनं नाखुशीनं प्रयत्न केला.

तिनं आधार घेतला जपानी चार चौकटींच्या 'योनकोमा' स्ट्रिपचा. त्यात की-शो-तेन-केत्सु असा क्रम सांगतात : मांडणी, ती पुढं नेणं, मग वळण, मग समारोप. वळण तिसऱ्या जागी येतं आणि त्यासाठी भांडण किंवा खलनायक लागत नाही. अशा शांत विनोदाला हा साचा फार चांगला.

पहिल्या स्लाइडवर फक्त छत्री, दांड्याला बांधलेली चिठ्ठी आणि बाईंचं वाक्य : 'ही तिसऱ्यांदा आलीय.' दुसऱ्या स्लाइडवर खिडकीशी गृहस्थ : 'सापडली का हो?' तिसऱ्या स्लाइडवर शब्द नाहीत. बाई त्यांच्याकडे बघतायत, गृहस्थांच्या खांद्यावरून दिसतंय की बाहेर लख्ख ऊन आहे. चौथ्या स्लाइडवर छत्री काउंटरवरून सरकते, दोघांचे हात फक्त. पाचव्यावर बाई : 'पुढच्या वेळी छत्री न विसरता या. बसायला खुर्ची आहे.'

तिसऱ्या स्लाइडवरून दोघांचं चांगलंच वाजलं. लेखिकेला तिथं एक वाक्य हवं होतं, 'पाऊस तर महिनाभर नाही' असं काहीतरी, कारण लोक उन्हाकडे बघणार नाहीत अशी तिची भीती. चित्रकार म्हणाला, मग ऊन काढायचं कशाला? तोडगा असा निघाला की वाक्य घालायचं नाही, पण ऊन इतकं पिवळं आणि रिकामं काढायचं की चुकता येणार नाही. मागची गर्दी, फलक, घड्याळ सगळं पुसलं. चित्रकाराला ते पुसणं जड गेलं, कारण लोक वाहवा करत होते ती नेमकी त्याच कारागिरीची.

लेटरिंगला, म्हणजे संवादांच्या फुग्यांत अक्षरं बसवायला, मात्र सगळ्यांच्या अंदाजापेक्षा जास्त वेळ गेला. 'तिसऱ्यांदा' हा पहिल्याच फुग्यातला शब्द. चित्रकाराच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये त्यातला 'ऱ्या' फुटून र, हलन्त आणि या असे तीन तुकडे पडत होते. सॉफ्टवेअरमधला भारतीय लिप्यांसाठीचा कंपोझर, म्हणजे अक्षरं जुळवणारा पर्याय, निवडल्यावर ते जुळलं. फुग्यांचे आकारही बदलावे लागले. इंग्रजी कॉमिकच्या सवयीनं काढलेले चपटे लंबगोल इंग्रजी कॅपिटल अक्षरांच्या ओळींसाठी ठीक असतात. देवनागरीत वर वेलांटी-मात्रा, खाली उकार, म्हणून ओळींतलं अंतर वाढवावं लागतं आणि फुगा उंच होतो. शिवाय ओरडणं दाखवायला आपल्याकडे कॅपिटल अक्षरं नाहीत, त्यामुळे जाडी आणि आकार यांवरच सगळी भिस्त. त्यांनी संवादांसाठी 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा 'मुक्ता' फॉन्ट घेतला, कारण त्यात जाड-बारीक अनेक वाण आहेत आणि परवाना मुक्त आहे. 'धप्प', 'ट्रिंग' असले आवाज हातानं काढायचे ठरले. १०८० बाय १३५० पिक्सेलच्या स्लाइडवर अक्षर ४४ पिक्सेलच्या खाली जाऊ द्यायचं नाही आणि एका फुग्यात बारा शब्दांच्या वर नाही, हे दोन नियम भिंतीवर लागले. ४४ पिक्सेल म्हणजे फोनवर साधारण ८ पॉइंट, छापील पुस्तकाच्या तळटिपेइतकं. लेखिकेची वाक्यं या बारा शब्दांनी जितकी सुधारली तितकी माझ्या संपादनानं कधी सुधारली नाहीत.

आणखी एक निर्णय वरवर किरकोळ, पण माझ्या मते कथेला हात घालणारा. कव्हरवरचा 'भाग ४' हा आकडा काढून टाकला. आकडा दिसला की नव्या माणसाला आधी हेच कळतं की आपण तीन भाग चुकवले. त्याऐवजी कव्हरवर फक्त वस्तूचं नाव : छत्री. किल्ल्या. एकच चप्पल. जुन्या वाचकांनी तक्रार केली की क्रम लागत नाही. त्यांच्यासाठी संकेतस्थळावर क्रमवार यादी केली आणि विषय संपवला.

२०२४ मध्ये इन्स्टाग्रामनं कॅरोसेलची मर्यादा दहावरून वीस केली तेव्हा दोघांना पुन्हा लांब कथेची स्वप्नं पडू लागली. वीस जागा मिळतायत तर गुपिताची कथा परत आणू! एक भाग सोळा स्लाइडचा करून बघितला. तो वाईट नव्हता, पण छत्रीच्या तिप्पट काम होऊन लोक मध्येच गळत होते. मर्यादा वाढल्यानं वाचकाची दोन मिनिटं चार होत नाहीत. पुढं पाच ते आठ स्लाइड हेच माप ठरलं.

परिणाम

छत्रीचा भाग त्यांच्या आधीच्या कुठल्याही भागापेक्षा जास्त लोकांनी दुसऱ्यांना पाठवला. प्रतिक्रियांचा सूरच बदलला. रंगांचं कौतुक कमी झालं आणि लोक आपल्या गोष्टी सांगू लागले : कुणाचे वडील बँकेत रोज पासबुक भरायला जातात, कुणाची आजी मुद्दाम चष्मा शेजारी विसरते. उन्हाबद्दल कुणी विचारलंच नाही, म्हणजे ते सगळ्यांना कळलं होतं. काही पुढच्या भागांच्या वस्तू या प्रतिक्रियांतूनच आल्या. तशी वस्तू वापरण्याआधी ज्याची गोष्ट त्याला विचारायचं, हा नियम लेखिकेनं स्वतःहून घातला.

एका भागाचं काम आठवड्यात उरकू लागलं. चार भाग तयार झाल्याशिवाय पहिला टाकायचा नाही, अशी शिस्त लावल्यावर आजारपण आणि नोकरीची धावपळ निभावून गेली.

काही गमावलंही. लांब कथेसाठी थांबलेले मोजकेच वाचक होते, पण ते मनापासून वाचणारे होते. त्यातले काही सोडून गेले आणि एकानं तर 'तुम्ही सोपं विकायला लागलात' असं लिहिलं. लेखिकेला ते बरेच दिवस लागलं. माझ्या मते तक्रार अर्धी खरी आहे. बाईंचं गुपित आता फडताळातल्या एका बंद खोक्याइतकंच उरलंय. ते दर भागात मागे दिसतं, चिठ्ठी नसलेलं, आणि कुणी त्याबद्दल बोलत नाही. नियमित वाचक ते शोधतात, नव्याला ते दिसत नाही आणि त्याचं काही अडतही नाही. तोडगा म्हणून छान आहे. मूळ कथेची भरपाई त्यानं होत नाही.

पैसे म्हणाल तर फारसे नाहीत. एका छोट्या कामाची ऑर्डर आली, एवढंच सांगण्यासारखं.

वेगळं काय करता आलं असतं

स्क्रोलवर गेलेला वेळ वाचवता आला असता. भाग पूर्ण काढण्याआधी नुसत्या रफ रेषांत, पेन्सिलीचे फोटो काढून, तेच पाच-सहा ओळखीच्या माणसांना फोनवर वाचायला द्यायचे आणि शेजारी गप्प बसून बघायचं. कुठं बोट थांबतं, कुठं परत मागं जातं, एवढं बघितलं तरी पुरे. 'आवडलं का' हे विचारून काही कळत नाही, ओळखीचे लोक हो म्हणतात. ही चाचणी छत्रीच्या वेळी अपघातानंच झाली, चित्रकाराच्या भावानं रफ बघून तिसऱ्या स्लाइडला हसून मान हलवली तेव्हा.

लेटरिंग शेवटी न करता आधी करायला हवं होतं. चित्र रंगवून झाल्यावर फुगा बसवला की तो कुणाच्या तरी कपाळावर जातो. रफमध्येच खरा मजकूर, खऱ्या फॉन्टात, खऱ्या मापात टाकला तर जागा आपोआप ठरते. आता ते तसंच करतात.

नाव चित्रातच घालण्याचं उशिरा सुचलं. छत्रीची शेवटची स्लाइड सुटी कापून बऱ्याच ठिकाणी फिरली, कर्त्यांच्या नावाशिवाय. नाव कोपऱ्यात असेल तर कापलं जातं. म्हणून हल्ली ते चित्रातल्या एखाद्या वस्तूवर असतं, बहुतेकदा बाईंच्या टेबलावरच्या नोंदवहीच्या पाठीवर.

कव्हरची मांडणी प्लॅटफॉर्मच्या त्या वेळच्या चौकटीला चिकटवून केली, हेही टाळता आलं असतं. प्रोफाइलवर पोस्टची जी जाळी दिसते तिची घरं चौरस होती म्हणून वस्तूचं नाव चौरसाच्या कडेला नेमकं बसवलं होतं. जानेवारी २०२५ मध्ये ती घरं उभी झाली आणि जुन्या कव्हरांवरची काही नावं कडेला कापली गेली. महत्त्वाचं ते मधोमध आणि कडेला भरपूर हवा, इतकं पाळलं असतं तर पुन्हा हात लावावा लागला नसता. सगळी मूळ चित्रं थरांसकट, फुगे वेगळ्या थरावर अशी जपून ठेवली होती म्हणून दुरुस्ती एका बैठकीत झाली.

लांब कथेबद्दल मात्र दोघांचं अजून एकमत नाही. चित्रकाराला ती स्क्रोलमध्ये संकेतस्थळावर हवी आहे, घाई न करता, जमेल तेव्हा एक भाग. लेखिकेचं म्हणणं, खोक्यात काय आहे हे एकदा सांगितलं की पाच स्लाइडच्या भागांमधलं खोकं मेलं. मला चित्रकाराचं पटतं, पण एका अटीवर : स्क्रोलचा पहिला भाग खोक्यापासून सुरू करू नये, नाहीतर तिथंही पहिला प्रश्न 'आधीचे भाग कुठं आहेत' हाच येईल.